लॉरी नावाचा ट्रंपेटवाला

लॉरी नावाचा ट्रंपेटवाला मुंबईत कधीच नव्हता. डोना नावाची गायिकाही नव्हती. त्या दोघांचा बँड कुठल्याही हॉटेलात वाजला नाही, त्यांच्या नावाची एकही रेकॉर्ड बाजारात आली नाही, आणि रात्री दोन वाजता क्लब बंद झाल्यावर ट्रंपेटची पेटी काखेत मारून चर्चगेटच्या रस्त्यावरून चालत गेलेला लॉरी कुणी पाहिलेला नाही. हे सगळं मला नीट माहीत आहे. तरी सध्या माझ्या घरात सकाळी चहा उकळतो तो या बँडच्या गाण्यावर, दुपारी वामकुक्षी मोडते ती या बँडच्या गाण्यावर, आणि डिचोलीच्या बाजारात मासळी घेताना तोंडातून जे निघतं तेही त्यांचंच. मासळीवालीने परवा माझ्याकडे बघून दोन बांगडे जास्त घातले. तिलाही ते गाणं येत होतं!

चित्रपटाचं नाव 'नाचुंया कुंपासार'. दिग्दर्शक बार्डरॉय बार्रेटो, साल 2014, भाषा कोकणी. एवढ्या वर्षांनी का होईना, म्हापशाला मैत्रिणीच्या घरी तो बघितला आणि मी तिथून घरी परतले ती दुसऱ्याच गोव्यातून. रात्री झोप आली नाही. पहाटे उठून पुन्हा गाणी लावली.

मुळात हा चित्रपट म्हणजे वीस गाण्यांची माळ आहे. साठच्या-सत्तरच्या दशकांतली ही गाणी क्रिस पेरी यांची. हे मडगावच्या बोर्डा भागातले, जन्म 1928, ट्रंपेट वाजवणारे, संगीतकार, बँडचे म्होरके. आणि त्या गाण्यांचा आवाज म्हणजे लॉर्ना. गोव्यात तिला आडनाव लागत नाही. 'बेबदो', 'पिसो' ही नावं नुसती उच्चारा, सासष्टीतला माणूस बसल्या जागी खांदे हलवायला लागतो. पडद्यावर मात्र क्रिस नाही, लॉर्ना नाही. पडद्यावर आहेत लॉरी आणि डोना. विजय मौर्य झालाय लॉरी आणि पालोमी घोष झालीय डोना. गाणी खरी, बँड खोटा. आणि या खोट्या बँडने मला ती खरी गाणी पहिल्यांदा ऐकवली.

पहिल्यांदा म्हणते, कारण ती कानांवरून गेली होतीच. म्हापसा-डिचोली बसमध्ये अस्नोड्याच्या चढावर गाडी कण्हत असताना ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून ती वाजायची. खिडकीतून बाहेर काजूची झाडं, आत घामाचा आणि भाजीच्या पिशव्यांचा वास, वर लॉर्ना. पण ते बसचं गाणं होतं. त्याला मालक नव्हता. कुणी लिहिलं, कुणाला उद्देशून म्हटलं, गाणारीचं वय काय, ती हे गाताना खूश होती की रडून आली होती, यातलं काहीच त्या गाण्याला चिकटलेलं नव्हतं. चित्रपटाने ते चिकटवलं. गोव्यातली कोवळी पोर मुंबईच्या क्लबात माइकपुढे उभी राहते, शेजारी तो ट्रंपेट घेऊन उभा, तो तिला घडवतो, तिच्यावर जीव टाकतो, घरी त्याची बायको आहे, आणि मग एके दिवशी तिने त्याच्याशिवाय कुणासाठीही गायचं नाही असा कागद तिच्या गळ्याभोवती आवळला जातो. आता तेच गाणं ऐका! ज्या ओळीवर बसमध्ये मी पाय हलवत होते त्याच ओळीवर आता घशात आवंढा येतो. चाल तीच, ठेका तोच, वाद्यमेळ तसाच झगमगता. बदललंय एवढंच की ते कोण गातंय हे मला कळलंय.

सिनेमातल्या काल्पनिक बँडची जादू हीच असली पाहिजे, असं मला त्या रात्री वाटलं आणि मग मी अशा बँडांच्या मागेच लागले. टॉम हँक्सने 1996 साली 'दॅट थिंग यू डू!' नावाचा चित्रपट केला. 1964 सालचं अमेरिकेतलं एक छोटं गाव, चार पोरं, त्यांचा बँड 'द वंडर्स', आणि त्यांचं एकच गाजलेलं गाणं. आता विचार करा, हे गाणं लिहायचं कसं? चित्रपटात ते पुन्हा पुन्हा वाजणार, म्हणजे ऐकून विटता कामा नये. ते 1964 सालचंच वाटलं पाहिजे. पोरांच्या वकुबाबाहेरचं असून चालणार नाही, आणि तरीही ते रेडिओवर लागल्यावर सगळा देश वेडा झाला हे प्रेक्षकाला पटलं पाहिजे! ॲडम श्लेसिंजर नावाच्या तरुण संगीतकाराने ते लिहिलं, आणि ते ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं. त्या चार पोरांनी पहिल्यांदा स्वतःचं गाणं रेडिओवर ऐकलं तो प्रसंग बघा. रस्त्यावरून किंचाळत धावतात ती. आणि बघणाऱ्यालाही वाटतं, आपणच ते गाणं बसवलंय.

डब्लिनच्या 'द कमिटमेंट्स'चीही तीच गत. ॲलन पार्करचा 1991 सालचा चित्रपट, कामगारवस्तीतली पोरं अमेरिकन काळ्या माणसांचं सोल संगीत गायला निघतात. त्यातला मुख्य गायक अँड्र्यू स्ट्राँग तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता, आणि आवाज असा की चाळिशीतला दारू पिऊन पिऊन खरबरीत झालेला गडी गातोय. इकडे माझी भाची गेल्या वर्षभरापासून 'हंट्रिक्स' या कोरियन मुलींच्या बँडवर जीव टाकते. हा बँड आहे 'केपॉप डीमन हंटर्स' या 2025 सालच्या ॲनिमेशनपटातला, म्हणजे त्या मुली माणसंसुद्धा नाहीत, चित्रं आहेत. त्यांचं 'गोल्डन' हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. 1969 साली 'द आर्चीज' या कार्टूनमधल्या बँडचं 'शुगर, शुगर'ही असंच सगळ्यात वर गेलं होतं. हाडामांसाच्या गायकांना मागे टाकून! मला त्यात जराही नवल वाटत नाही. चित्रातल्या का होईना, त्या पोरीने ते गाणं का म्हटलं हे माझ्या भाचीला ठाऊक असतं.

पण माझं मन परदेशात फार रमलं नाही. मी गेले पेडण्याला, मामाकडे.

माझं आजोळ पेडण्याचं. कोलवाळचा पूल ओलांडला की शापोरा नदीबरोबर संगीतही बदलतं असं मला लहानपणापासून वाटायचं, आणि त्याला कारणही आहे. बार्देश, तिसवाडी, सासष्टी हे तालुके पोर्तुगीजांकडे सोळाव्या शतकापासून. तिथे चर्चला जोडलेल्या शाळांत पोरांना पाश्चात्य स्वरलिपी शिकवली जायची, व्हायोलिन हातात यायचं, चर्चमध्ये कॉयर असायचा. तिथून पिढ्यान्पिढ्या वादक निघाले आणि मुंबईला गेले. आमची पेडणे आणि डिचोली ही नव्या काबिजादीतली, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर घेतलेली. पेडणं तर सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेलं ते 1788 साली. आमच्याकडे पेटी, तबला, पखवाज, चवथीला घुमट आणि शामेळ, देवळातलं भजन, जत्रेतला कालो आणि रात्रभर चालणारं मराठी संगीत नाटक. घरात बोलायचं कोकणी, नाटक बघायचं आणि पेपर वाचायचा मराठी. त्यामुळे लॉर्नाचं गाणं आमच्या घरात आलं नाही असं नव्हे. ते आलं, पण ओसरीवर थांबलं. आत पेटी वाजत होती.

मामा ही पेटी वाजवतो. नाट्यगीतांचा साथीदार म्हणून पंचक्रोशीत त्याला मान आहे. कितीतरी हौशी संचांना त्याने जत्रेत सांभाळून नेलंय, म्हणजे गाणारा पट्टी सोडून भलतीकडे गेला तरी मामा बेमालूम त्याच्याबरोबर जातो आणि दोन आवर्तनांत त्याला घरी आणतो. मी त्याच्यापुढे मोबाईल ठेवला आणि म्हटलं, मामा, हे ऐक. लॉरीचा ट्रंपेट सुरू झाला. मामाने डोळे मिटले. मग काहीच न बोलता त्याने पेटी पुढे ओढली.

तो प्रसंग मला जसाच्या तसा सांगायचाय. ट्रंपेटची ती सुरुवातीची तान त्याने उजव्या हाताने लगेच काढली, सूर अचूक, पण ती पेटीवर आली आणि विझली. ट्रंपेटला प्रत्येक सुराच्या तोंडाशी ओठांचा एक फटकारा असतो, वाजवणारा जिभेने वाऱ्याला तोडतो, म्हणून तो सूर उडी मारून येतो. पेटीचा भाता मात्र एकसारखा श्वास घेतो. मामाने डोकं हलवलं. मग त्याने डाव्या हाताचा तळवा भात्यावर सपाट ठेवला आणि प्रत्येक सुराला भात्याला एक आखूड धक्का द्यायला लागला. हुप्, हुप्, हुप्! पेटीच्या लाकडाची कडकड ऐकू यायला लागली आणि सुरांना धार आली. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. मागे सॅक्सोफोन आणि दुसरे ट्रंपेट एकदम वाजतात, एक सूर नाही, तीन सुरांचा गठ्ठा. आमच्या साथीत असं कुणी वाजवत नाही, गळ्याच्या मागोमाग एकेक सूर जातो. मामाने आधी दोन पट्ट्या एकत्र दाबून बघितल्या, तोंड वाकडं केलं, एक बदलली, तिसरी लावली. आणि तो गठ्ठा जसाच्या तसा लागला! मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. साठी उलटलेला माझा मामा पोरासारखा हसत होता आणि तेच तीन सूर पुन्हा पुन्हा दाबत होता.

मग त्याने विचारलं, हा वाजवणारा कोण? मी म्हटलं, लॉरी. पण लॉरी खरा नाही मामा, सिनेमातला आहे, खरे होते क्रिस पेरी.

"लॉरी म्हणान कोण नाय होतो?" मामा म्हणाला. "मगे खांसाहेब तरी खंय होतो गो बाय?"

मी उडालेच. अरे खरंच की! 'कट्यार काळजात घुसली'. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, नाट्यसंपदेने 1967 साली रंगमंचावर आणलं. त्यातले पंडित भानुशंकर कधी जन्मले नाहीत. खांसाहेब आफताब हुसेन कधी जन्मले नाहीत. त्यांची घराणीही नव्हती. संगीत द्यायचं होतं जितेंद्र अभिषेकी यांना, आपल्या मंगेशीचेच बुवा. त्यांच्यापुढचं काम मला आज पहिल्यांदा दिसलं: त्यांना दोन न झालेल्या माणसांसाठी दोन न झालेली घराणी निर्माण करायची होती! नुसत्या चाली बांधून भागणार नव्हतं. पंडितजी गायला लागले की ठेहराव दिसला पाहिजे, खांसाहेब गायला लागले की आक्रमकता, आणि प्रेक्षकांतल्या शेवटच्या बाकावरच्या माणसालाही डोळे मिटून सांगता आलं पाहिजे, हे यांचं गाणं, ते त्यांचं. 'घेई छंद' हे एकच पद दोन गळ्यांतून दोन वेगळ्या चालींनी येतं. शब्द तेच, एकीकडे भुंगा फुलावर बसून राहिलाय, दुसरीकडे तो बागेतून घोंगावत सुटलाय. खांसाहेब झाले होते वसंतराव देशपांडे. आमच्या गोव्याचे प्रसाद सावकारही त्या नाटकात होते. ज्या गावांत मामाने पेटी वाजवली आहे अशा कितीतरी गावांत लोक ही पदं भजनाच्या बैठकीत, लग्नात, सत्यनारायणाला म्हणतात, आणि एकाच्याही मनात येत नाही की हे गाणं ज्याचं, तो माणूस फक्त कागदावर होता.

आणि पुढचं ऐका, हे तर मला वेड लावणारं आहे. 2008 साली 'रॉक ऑन!!' आला. चार मित्रांचा 'मॅजिक' नावाचा बँड, त्यात अर्जुन रामपालने केलेला गिटारवाला जो मस्कारेन्हस, गाणारा फरहान अख्तर स्वतःच्या, जरा खरखरीत, अजिबात न घासलेल्या आवाजात. बँड काल्पनिक, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. सात वर्षांनी, 2015 च्या दिवाळीत, सुबोध भावे यांनी 'कट्यार' पडद्यावर आणली. नव्या पदांचं संगीत? शंकर-एहसान-लॉय! म्हणजे ज्या तिघांनी मुंबईच्या गच्चीवर गिटार बडवणाऱ्या पोरांचा आवाज घडवला, त्याच तिघांनी भानुशंकरांच्या घरची सकाळ घडवली. वर शंकर महादेवन स्वतःच पडद्यावर पंडितजी झाले. खांसाहेब झाले सचिन पिळगावकर, त्यांच्या मागे आवाज राहुल देशपांडे यांचा, म्हणजे मूळ खांसाहेबांच्या नातवाचा. पंडितजींच्या शिष्याचं, सदाशिवचं गाणं गायलं महेश काळे यांनी, जे अभिषेकीबुवांचे शिष्य, आणि त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. न झालेल्या माणसाच्या गळ्याचा वारसा खऱ्या घरात आजोबाकडून नातवाकडे आला! मी हे मामाला सांगितलं तेव्हा तो पेटीवर हात ठेवून नुसता बसून राहिला.

'कुंपासार' 2014 चा, 'कट्यार' 2015 ची. गोव्याच्या मातीतल्या संगीताचे हे दोन चित्रपट वर्षाच्या अंतराने आले, एक नदीच्या पलीकडचा, एक अलीकडचा. मी दोन्ही एकापाठोपाठ लावून बघितले. सगळ्यांनी बघावेत. दोन्हींत एक जबरदस्त कलावंत आहे ज्याची कला त्याच्या स्वभावापेक्षा मोठी आहे. दोन्हींत त्याच्यापायी दुसऱ्याचा गळा बंद होतो. दोन्हींत गाणी गोष्ट थांबवून येत नाहीत, गोष्ट गाण्यांतूनच चालते. 'कुंपासार'मध्ये तर मी हळूहळू संवाद ऐकायचं सोडून दिलं. डोनाच्या गाण्यांतून ती किती लांब आली, किती थकली, किती एकटी पडली, सगळं कळत होतं. पालोमी घोष ही मूळची कोकणी बोलणारी नाही, भाषा शिकून तिने ही भूमिका केली, आणि तिला 62व्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा पुरस्कार, आणि कलादिग्दर्शनाचाही. तो जुना क्लब, ते लाल-सोनेरी दिवे, ते पांढरे कोट बघितल्यावर तो का मिळाला हे सांगायला नको.

आता ज्या गोष्टीने मी खरी हलले ती सांगते. लॉरीचा बँड खोटा, हे मी वर लिहिलं. पण त्याच्या आधीची पन्नास-साठ वर्षं बघा. भगवानदादांचा 'अलबेला', 1951. पडद्यावर झालरीचे कपडे घातलेला एक बँड वाजतोय, भगवान आणि गीता बाली नाचताहेत. त्यात ट्रंपेट घेतलेला माणूस कोण? चिक चॉकलेट. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि सी. रामचंद्र यांच्याकडे तो साहाय्यक होता. पडद्यावर मात्र तो नुसता 'बँडवाला'. म्हणजे वादक खरा, वाद्य खरं, घाम खरा, फक्त नाव नाही. शंकर-जयकिशन यांच्या त्या भरगच्च वाद्यमेळामागे कित्येक वर्षं सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे गुरू, प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि त्यांनी 1958 साली मुंबईत भारतीय राग पाश्चात्य वाद्यवृंदासाठी बांधून मोठ्या मंचावर वाजवून दाखवले. त्यांचं नाव साऱ्या देशाला पाठ झालं ते कधी? 1977 साली, 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ बच्चन एका प्रचंड अंड्यातून बाहेर पडून ते नाव सांगतो तेव्हा. प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली ती दक्षिणा होती. नाव खऱ्या माणसाचं, आणि अंगावर काल्पनिक माणसाचा टोप आणि चष्मा.

सिनेमात आमचे गोंयकार असे अर्धेअर्धे विखुरले होते. कुणाचा चेहरा दिसला, नाव नाही. कुणाचं नाव दुमदुमलं, चेहरा दुसऱ्याचा. कुणाची अख्खी रचना वाजली आणि श्रेयनामावलीत एक ओळ नाही. फ्रँक फेर्नांद यांच्यासारख्या वादकाला स्वतःच्या भाषेत चित्रपट व्हावा म्हणून पदरमोड करून 'आमचें नशीब' (1963) आणि 'निर्मोण' (1966) काढावे लागले. आणि मग 2014 साली बार्डरॉय बार्रेटो येतो, दोन खोटी नावं घेतो, आणि त्या खोट्या नावांखाली हे सगळे तुकडे एका जागी आणतो: रात्री क्लबात वाजवणं, दिवसा फिल्मी स्टुडिओत रेकॉर्डिंग, मुंबईतल्या गोंयकारांच्या कुडांमधला मुक्काम, गावची ओढ, पैसा, दारू, मत्सर, आणि या सगळ्यातून वर येणारं ते लखलखीत संगीत. लॉरी हा एक माणूस नाहीच. तो त्या सगळ्या नाव नसलेल्या ट्रंपेटवाल्यांचा मिळून एक आहे. खरं नाव घेतलं असतं तर एकट्या क्रिस पेरींची गोष्ट झाली असती. लॉरी म्हटल्यामुळे ती चिकचीही झाली, फ्रँकचीही झाली.

गाणी नव्याने बांधून रेकॉर्ड केली रॉनी मोन्सेरात यांनी. हे नाव लक्षात ठेवा. लॉर्ना दोन दशकं गप्प होती. गोव्यात तिच्याबद्दल अफवा उठायच्या, काहींना तर ती हयात नाही असंच वाटायचं. 1995 साली रॉनी मोन्सेरात यांनीच तिला पुन्हा माइकपुढे उभं केलं, 'हॅलो लॉर्ना' ही कॅसेट काढली, आणि पणजीला मिरामारच्या वाळूवर ती गायला उभी राहिली तेव्हा गोवा लोटला. म्हणजे ज्याने खऱ्या लॉर्नाला परत आणलं, त्यानेच खोट्या डोनासाठी तिची गाणी पुन्हा घडवली! चित्रपट बघताना मला ही माहिती नव्हती, आणि तरी आवाजातली ती काळजी ऐकू येत होती. एकेका ट्रंपेटच्या फेकीमध्ये, एकेका ब्रशच्या फटक्यामध्ये. जुनं जसंच्या तसं उतरवून काढलेलं ते नाही. कुणीतरी त्या गाण्यांना न्हाऊमाखू घालून नवे कपडे चढवलेत.

आता माझं डोकं भलतीकडेच धावतंय. पेडणे तालुक्यातलं मालपे. अंजनीबाई मालपेकर तिथल्या. भेंडीबाजार घराण्याची तालीम, मुंबईत नाव असं की तोड नाही, आणि ऐन भरात त्यांनी जाहीर मैफली सोडल्या. पुढे कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांच्यासारखे त्यांच्याकडे शिकायला गेले, आणि 1958 साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. ही बाई पडद्यावर का नाही? खरं नाव नको. एखादी काल्पनिक गायिका घ्या, पेडण्याच्या बाजूच्या देवळात वाढलेली, नदी ओलांडून बोटीने मुंबईला गेलेली, आणि एका रात्री तंबोरा खाली ठेवून उठलेली. तिच्यासाठी बंदिशी बांधा, नव्या. शंभर वर्षांपूर्वीच्या वाटल्या पाहिजेत, पूर्ण मैफल तोलून धरतील इतक्या कसदार असल्या पाहिजेत, आणि तिने गाणं का सोडलं याचा सुगावा त्यांतल्याच एकीत, एखाद्या न घेतलेल्या सुरात, लागला पाहिजे. अभिषेकीबुवांनी दोन घराणी उभी केली, श्लेसिंजरने 1964 साल परत आणलं, मग हे का होऊ नये? कुणी चित्रपट करणारं हे वाचत असेल तर मालपे गावी या. तुम्हाला लागणारा पेटीवाला मी देते, आणि आता त्याला ट्रंपेटसुद्धा वाजवता येतो.

मामाने आपल्या भजनी मंडळाला 'कुंपासार' दाखवायचं ठरवलंय. पखवाजवाल्याने गाणं आधीच ऐकलं आणि म्हणाला, हा ठेका घुमटावर बसेल. मृदंगाच्या पुडीवर चढवलेली शाई कोरडी होईपर्यंत ते दोघं बोटांनी फळीवर वाजवून बघत होते, कुठे थाप, कुठे चाट. चवथीला आरत्या संपल्यावर एक लॉरी-डोनाचं गाणं घुमट, शामेळ आणि पेटीवर करायचं असा बेत शिजतोय. गाणारी म्हणून भाचीचं नाव निघालं. हंट्रिक्सवाली तीच. तिने एकच अट घातलीय: ते भात्याचे धक्के मामाने आधी तिला शिकवायचे, मग ती गाणार.